जाळीच्या इमारतीतली आंदणाची शेळी

त्या दिवशी शेळी हरवली आणि लग्न अडलं. परभणीतल्या माझ्या पोलीस नोकरीतली ही घटना मनातून गेलेली नाही.

मुलीचे वडील पेडगावकडचे मेंढपाळ. दोन्ही घरं लग्नाचा बस्ता बांधायला शहरात आली होती. त्यांच्यात मुलीला आंदण म्हणून शेळी देतात. शेळी तिथूनच नवरदेवाकडे जावी, म्हणून वडिलांनी ती सोबत आणली आणि बाजारपेठेतल्या सहा मजली सरकारी कार्यालयाच्या खांबाला बांधली. ही इमारत साठच्या दशकातली. सरळ रेषा, उघडा जिना, दर्शनी बाजूला सिमेंटची जाळी. सुट्टीमुळे आत कोणी नव्हतं. कपडे घेऊन सगळे परतले, तेव्हा खांबाला नुसता दोर होता.

समोरच्या चहावाल्याने खबर दिली की नवरदेवाचा चुलता शेळीजवळ घुटमळत होता. ठाण्यात मी त्याला वेगळं बसवलं.

"शेळी कुणाला विकली?"

"साहेब, गाभण जनावर खाटकाला देईन मी? पाणी पाजायला गेलतो."

बाहेरून मुलीचे वडील ओरडले, "असल्या घरात पोरगी देत न्हाई!"

"आमी शेळीसाठी न्हाई, सुनेसाठी आलो!" चुलता आतून गरजला.

हवालदार हसू दाबत होते. मी 'गाभण' या शब्दावर थांबलो. बाहेर कोपऱ्यात नवरी डोळे पुसत होती. थोरांच्या भांडणात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"बाळ, शेळीचे दिवस भरलेत का?"

"भरलेत की. म्हणून तर आप्पानं दोर ढिला बांधला. गाभणीला आमी आवळत न्हाई."

"व्यायच्या वेळी काय करते ती?"

"एकांताला जाती. मागल्या खेपेला घरावर चढून माळवदावर व्याली." ती एकदम थांबली. "साहेब, तो जिना!"

कार्यालयाच्या जिन्यात पहिल्या वळणावरच लेंड्या दिसल्या. नवरीने खालून हाक मारली, "चांदेऽ!" वरून उत्तर आलं. चौथ्या मजल्याच्या व्हरांड्यात, जाळीतून पडलेल्या उन्हाच्या चौकोनांत शेळी दोन पिलांना चाटत होती.

"चोरीचा आळ लय महाग पडला, व्याही," चुलता म्हणाला, "आता तीन द्या."

"घ्या. पोरगी मात्र एकच हाय," वडील हसले. मग हलकेच म्हणाले, "शेळीला पाणी पाजा. तुमीच पाजा."

पंचनाम्याची गरज उरली नाही. तेव्हापासून काही हरवलं की कोणी नेलं हे विचारण्याआधी, ते आपल्या पायांनी कुठे गेलं असेल हे मी विचारू लागलो. तेही, गप्प उभ्या असलेल्या माणसाला.

माझी पत्नी हा प्रसंग प्रत्येक पाहुण्याला सांगायची, शेळीच्या आवाजासकट. आता ती नाही, म्हणून मी लिहितो आहे. इमारत उभी आहे. चौथ्या मजल्यावर दुपारी उन्हाचे चौकोन पडतात.