आक्कानं सांधलेलं इंजिन

“मामा, आई गेली,” एवढंच प्रकाश फोनवर बोलला. काकती गावातल्या माझ्या गॅरेजात मी एका गाडीखाली पाठीवर पडलो होतो, तो तसाच पडून राहिलो... सकाळी चहा पिऊन जरा टेकते म्हणाली, ती उठलीच नाही. आक्का माझी थोरली बहीण. वडगावात तिचं घर, घरात चार माग आणि दारात दाजींच्या मागे राहिलेली छोटी पेट्रोल पिकअप. आता महिना उलटला. भेटायला येणारे ‘बिचारी, कष्टात दिवस काढले’ असलं काहीबाही बोलतात आणि मला राग येतो. आक्का बिचारी कधीच नव्हती. भल्याभल्या मेस्त्रींना जमलं नसतं ते तिनं माझ्या गॅरेजात स्टुलावर बसून केलं. ते सांगायलाच बसलोय.

दाजी गेल्यावर ती गाडी शिकली आणि दर आठवड्याला आपण विणलेल्या साड्या घेऊन स्वतः निपाणीच्या बाजाराला जाऊ लागली. पण गाडी कार्बोरेटरची. थंडीत चोक ओढून ओढून हात दुखायचा, आणि परतताना तवंदीच्या घाटात ती हमखास दम सोडायची. तिसऱ्यांदा टेम्पोला दोर बांधून ओढत आणली, तेव्हा प्रकाशनं, तिच्या लेकानं, निकाल दिला: दसऱ्यापर्यंत नीट चालली तर ठीक, नाहीतर मोडीत. साड्या न्यायला व्यापारी घरी येईल. “मग तो सांगंल त्यो रंग इणायचा आन् दारात बसायचं. पाय तोडल्यागत हुईल रं माझं,” आक्का मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी दाजी गेले तेव्हाच पाहिलं होतं.

मी म्हटलं, इंजिनच बदलू. मागून चेपलेल्या एका व्हॅनचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन मिळालं. यात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटरचा एक डबा ठरवतो, आणि त्या डब्यापासून इंजिनापर्यंत वायरींचा भला मोठा जुडगा जातो. शहाणा मेस्त्री तो अख्खा सोडवून काढतो. मी पडलो उतावळा. जुडगा निघेना म्हणून कटरनं मधोमध कापला, खुणेच्या चिठ्ठ्याही लावल्या नाहीत. इंजिन बसलं, जास्त दाबाचा नवा पंप बसला, आणि मग मी दोन हातांत दोन तोडकी टोकं धरून बसलो. नुसत्या हिरव्याच वायरी आठ निघाल्या!

आक्का माझं जेवण घेऊन आली होती. बघून म्हणाली, “इणकराच्या पोटी जल्मलास न्हवं? ताणा असा कापून टाकत्यात व्हय? टोकाला टोक सांधत्यात.” मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना जुन्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा जोडतात, शेकड्यांनी, आणि एक चुकला तर कापड बोलतं. आक्कानं स्टूल ओढलं. मला जी वायर नुसती हिरवी, तिच्यावरची केसाएवढी पांढरी रेघ, तिची जाडी, तिचा पीळ, सगळं तिला दिसत होतं. जोडी जुळली की ती खुणेला सुताची गाठ मारायची, मग मी सोल्डर करायचो. तीन दुपारी आम्ही दोघं तसे बसलो होतो. इतक्या गप्पा लहानपणानंतर कधी झाल्या नव्हत्या.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. दुसऱ्या दिवशी हत्यारं पूजेला बसणार, मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. प्रकाश हाताची घडी घालून उभा. “डबाच गेला असंल,” मी ठोकून दिलं. डोळे मिटून आक्का एकेका गाठीवरनं बोट फिरवत गेली, आणि एका जागी थांबली.

“ही गाठ माझी न्हाय.”

खरंच नव्हती. ती मागावर गेली असताना मी शहाणपणा करून दोन वायरी माझ्या मनानं जोडून वर सुताची गाठही मारली होती. इंजिन फिरतंय हे डब्याला कळवणाऱ्या सेन्सरच्याच त्या, आणि उलटसुलट. मी मान खाली घालून त्या बदलल्या. आक्कानं स्वतः किल्ली फिरवली, आणि चोक नाही, खोकला नाही, इंजिन लागलं! तिनं हॉर्न असा दाबून धरला की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. पुढं इंजिन बदलल्याची नोंद करायला आरटीओत गेलो, तर तिथल्या साहेबाला ती कन्नडमध्ये ताठ मानेनं म्हणाली, वायरी मी जोडल्यात. त्यानंतर गेल्या महिन्यापर्यंत एकही बाजार तिनं चुकवला नाही. असली माझी बहीण.

परवा पिकअप गॅरेजसमोर थांबली. मी सवयीनं आक्कासाठी स्टूल पुढं ओढलं... प्रकाश उतरला, गुडघे चोळत. आत साड्यांचे गठ्ठे होते, निपाणीला चालला होता. आक्का बुटकी, पाय क्लचला पुरावेत म्हणून सीट मीच पार पुढं घेऊन बोल्ट मारले होते. हा सहा फुटी गडी त्यात दुमडून बसून आला होता. सीट मागं घ्यायला मी पाना उचलला.

“नगं मामा,” तो म्हणाला. “आईची जागा हाय. असूंदे अजून थोडं दीस.”

आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला, गाडी एका किल्लीत लागली, आणि तो निपाणीच्या वाटेला लागला.