देव नसलेल्या बेटाची दोन तिकिटं

“तुमी बसा, मी आहो मांगं.”

भाऊंचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, तो अमरावतीहून कधी यात्रेला गेलाच नाही असं खुशाल समजा. बस असो की बडनेऱ्याहून सुटणारी रेल्वे, भाऊ दाराशी उभे. एक हात दांडीला, दुसरा चढणाऱ्याच्या कोपराखाली. म्हातारी चढली, तिची पिशवी चढली, पिशवीतून घरंगळलेली संत्री चढली, की सगळ्यांत शेवटी भाऊ. जी जागा उरेल ती त्यांची. नाहीच उरली तर भाजीच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, झाकण टाकून त्यावर बसायचे.

राजापेठेत त्यांचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक गाळा, दोन टेबलं आणि कायम कुरकुरणारा पंखा. तिथं मी बरीच वर्षं तिकिटं काढायच्या कामाला होते. मी माहेरची अकोल्याची, त्यामुळे उन्हाचं मला कौतुक नाही आणि तोंडाला लगामही नाही. भाऊंना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. खिडकीचीच जागा पाहिजे म्हणून हटून बसलेल्या एका गिऱ्हाइकाला मी चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा भाऊ त्याला म्हणाले, “अकोल्याची पोरगी हाय जी, तापनारच,” आणि त्याला चहा पाजून पाठवलं. जाताना तो खिडकीची जागा घेऊनच गेला. असा हा माणूस.

तुमच्याकडचं मला माहीत नाही, पण आमच्या वऱ्हाडात चांगला खातापिता माणूससुद्धा ‘फिरायला चाललो’ म्हणताना ओशाळतो. रिकामा हाय काय, असं लोक विचारतील याची धास्ती. तेच ‘देवाला चाललो’ म्हटलं की सासू पोरं सांभाळते, शेजारी म्हशीला पाणी दाखवतो आणि साहेब रजा देतो. त्यामुळे भाऊंच्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “देव हाय का तिथं?” महाबळेश्वर म्हटलं तरी हाच प्रश्न. समुद्र, डोंगर, बर्फ हे सगळं बघायचं असायचंच, पण देवाच्या आडून.

आणि यात्रा संपायची ती भाऊंच्या अंगणात. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही, हा त्यांचा कायदा. परत आल्यावर येत्या रविवारी सगळे यात्रेकरू, त्यांची घरची माणसं, भाऊंच्या घरी जेवायला. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. भाऊ बादली घेऊन पंगतीत वाढत फिरायचे. आणि हे सगळं रांधायच्या कोण? वहिनी.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी. यात्रा निघायची त्या दिवशी पहाटे उठून सगळ्यांसाठी दशम्या करायच्या आणि यायची त्याच्या आदल्या दिवसापासून मावंद्याच्या तयारीला लागायच्या. नवरा अख्खा हिंदुस्थान फिरवून आणायचा आणि ही बाई बडनेरा स्टेशनच्या पुढे गेलेली नव्हती. मी एकदा विचारलंही. तर म्हणाल्या, “मी गेली तर मावंदं कोन करीन वं?”

मग ती स्वस्त विमानवाली कंपनी आली. म्हणजे ती होतीच. पण इतके दिवस मुंबई-दिल्ली करणाऱ्या त्या कंपनीनं एकदम लांबच्या बेटांना विमानं सोडली. खास सुटी घालवायला. तिकीट इतकं कमी की भाऊंनी मला चष्मा पुसून पुन्हा वाचायला लावलं. बाकी सगळ्याचे पैसे वेगळे. जेवण विकत, पाणी विकत, सामान जास्त झालं तर त्याचे पैसे, एवढंच काय, नवराबायकोला शेजारी बसायचं असेल तर त्याचेही पैसे. भाऊ म्हणाले, “बाप्पा! म्हंजे आपल्या यस्टीसारखंच हाय. बसा जिथं जागा भेटन तिथं.”

पहिली ट्रिप बालीची ठरली. भाऊंनी गिऱ्हाइकांना समुद्रातल्या खडकावरचं देऊळ दाखवलं, तिथं रामायण नाचतात हे सांगितलं, आणि काय सांगू, पंधरवड्यात ट्रिप भरली. भाजीपाल्याचे मळे असलेली दोन-तीन जोडपी, एक निवृत्त मास्तर, धामणगावचे एक कापसाचे दलाल आणि त्यांची आई. सामान मोजायला मळेवाल्यांनी भाजीबाजारातला वजनकाटा ऑफिसात आणून ठेवला. दलालांच्या आईची पिशवी जड भरली. काय काढायचं यावर मायलेकांचं भांडण झालं आणि म्हातारी दुसऱ्या दिवशी तीन लुगडी एकावर एक नेसून हजर. “आता मोजा पिशवी,” म्हणाली.

या ट्रिपला मात्र मी वहिनींचं तिकीट काढायला लावलं. भाऊ ‘पाहू पाहू’ करत होते. मी म्हटलं, मावंद्याचं मी बघते, माझी सासू बघेल, गल्ली बघेल, पण वहिनी जाणार. वहिनी दोन दिवस ‘कायले, कायले’ करत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन चप्पल आणली.

गेले, फिरले, आले. मावंद्याच्या आधी मी मोबाइलवर फोटो पाहिले. सगळे फोटो भाऊंनी काढलेले, म्हणजे एकाही फोटोत भाऊ नाहीत. जोडपी जोडपी उभी. आणि कडेला, जरा अंतर राखून, पदर सावरून वहिनी. एकट्या.

विमानातली गोष्ट मास्तरांनी कौतुकानं सांगितली. कंपनीनं सगळ्यांना विखरून बसवलं होतं. भाऊ उठले, याला विनव, त्याला विनव करत त्यांनी प्रत्येक जोडपं शेजारी बसवलं. भाऊंच्या दुसऱ्या बाजूला बसलेली एका मळेवाल्याची बायको भ्यायली, तिच्या नवऱ्याला शेजारी जागा पाहिजे म्हणून भाऊंनी स्वतःची सीट देऊन टाकली. ती वहिनींच्या शेजारची होती. मग भाऊ शेवटच्या रांगेत, संडासापाशी. “तुमी बसा, मी आहो मांगं.” मास्तर हसत होते. माझं डोकं असं तापलं म्हणता.

मावंदं भाऊंच्या अंगणात झालं. वहिनींना चुलीपाशी येऊ द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण त्या कशाच्या ऐकतात! पंगत बसली, भाऊ वरणाची बादली घेऊन फिरत होते. दलालांच्या आईनं सहज विचारलं, “काहो वयनी, कसा वाटला समुद्र?”

वहिनी रोडगा कुस्करून देत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चांगला होता. यांच्या संगं पाहाचा होता, तसाच राह्यला.”

रागानं नाही, रडून नाही. मीठ कमी आहे असं सांगावं तसं. भाऊ दोन माणसं सोडून वाकलेले होते. ते तसेच वाकून राहिले, पळीतलं वरण मास्तरांच्या पत्रावळीवरून वाहायला लागलं तरी. मग “हो, हो” म्हणत पुढे सरकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ उशिरा आले. बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “बाजूबाजूच्या दोन सीटा पक्क्या भेटत असतीन तं घे. पैसे लागन ते लागू दे.” माणूस आयुष्यभर उरलेल्या जागेवर बसला, त्याला जागा विकत घ्यायची होती. मी विचारलं, कुठं जायची? त्यांनी कंपनीच्या जाहिरातीतलं एक बेट दाखवलं. नुसती वाळू आणि पाणी. देऊळ नाही, दर्गा नाही, काही म्हणजे काही नाही. मी म्हटलं, भाऊ, इथं कशाला?

“देव नाई तिथं,” भाऊ म्हणाले. “म्हून कोनी संगं येनार नाई.”

इतकं डोकं या माणसाला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण गाव कुठलं गप्प बसायला! आठ दिवसांत त्याच मळेवाल्यापर्यंत बातमी गेली. तो आला, बायकोला घेऊनच आला. देव नसला तरी चालेल, म्हणाला, आम्ही भाऊंच्या भरवशावर कुठंही येऊ. भाऊंचा चेहरा मी बघत होते. या माणसाला ‘नाही’ म्हणताच यायचं नाही हो. ते गेल्यावर भाऊ माझ्या टेबलाशी घुटमळले आणि हळूच म्हणाले, आणखी दोन जागा आहेत का बघ, बिचारे एवढे आशेनं आले.

मी संगणक बंद केला. सरळ सांगितलं, “भाऊ, त्यांना घेतलं तर उद्यापासून मी कामावर येणार नाही. आणि का येत नाही ते वहिनींना घरी येऊन सांगीन.”

भाऊ समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “त्याले काय सांगू?”

“सांगू नका. मी सांगते.”

आणि मी मळेवाल्याला फोन करून काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या आठवड्यात भाऊ-वहिनी निघाले तेव्हा तोच माणूस वहिनींसाठी मळ्यातल्या मोगऱ्याचा गजरा घेऊन स्टेशनवर आला होता.

भाऊ नव्हते ते दिवस मला चांगले आठवतात. फोन वाजायचा, मी सांगायची, भाऊ फिरायला गेले. पलीकडून हटकून विचारणा, “कोन्त्या देवाले?” कोणत्याच नाही, वहिनींना घेऊन गेलेत, म्हटलं की कोणी हसायचं, कोणी फोन ठेवायचं. धामणगावची ती म्हातारी तेवढी म्हणाली, “बरं केलं मायबाई, बरं केलं.” दोघांचा एक फोटोही आला. कुणा परक्यानं काढलेला. भाऊ शाळेतल्या पोरासारखे ताठ, वहिनींचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि तोंडावर पदर, पण पदराच्या आत हसतायत हे मला कळलं.

त्या वर्षाच्या शेवटी भाऊ गेले. झोपेतच गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि बेलोऱ्याच्या विमानतळावरचं विमान वरून गेलं की मी उगाच वर बघते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मला ते गाळ्यातले आठवत नाहीत, दाराशी उभेही नाहीत. त्या दोघांच्या मावंद्यातले आठवतात.

दोघं बेटावरून परत आले तेव्हाचं ते मावंदं आम्ही घातलं. देव नसलेल्या ठिकाणाचं मावंदं असतं का, यावर मास्तरांनी शंका काढलीच, पण त्यांना कांदे चिरायला बसवलं. मळेवाल्यानं वांगी आणली, दलालांच्या आईनं गोवऱ्यांचा विस्तव पेटवला. पंगत मांडली आणि वहिनींना हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं. शेजारचा पाट रिकामा ठेवला. भाऊ आतून हात धुऊन आले. इकडे तिकडे पाहिलं, आणि सवयीनं वरणाची बादली उचलली.

वहिनींनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

“बादली ठेवा,” त्या म्हणाल्या. “तुमी बसा. वाढनारे आहेत मांगं.”

भाऊंनी बादली माझ्या हातात दिली, धोतर सावरलं आणि वहिनींच्या शेजारी बसले.