ब्रँडवोल्ड हलला

ऑगस्ट संपता संपता आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघातली जास्तीची माणसं काढतात. ज्याला काढायचं त्याच्या खोलीवर जाऊन मी एवढंच म्हणतो, "साहेबांनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन ये." वही मागितली की संपलं. पोरं मला यमदूत म्हणतात. म्हणोत बापडी.

लाइल ब्रँडवोल्ड आमच्याकडे आला तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. अकरा वर्षांत सात संघांनी त्याची वही परत घेतलेली. नेब्रास्काचा, तीनशे पौंडांचा गडी. काम काय, तर पुढच्या रांगेत वाकून राहायचं आणि समोरची धडक अंगावर घ्यायची. चेंडू हलायच्या आत हा माणूस जरासा जरी हलला तरी अख्खा संघ पाच यार्ड मागे, आणि कर्ण्यावर त्याच्या नावाचा उद्धार. या चुकीसाठी ब्रँडवोल्डचं नाव अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मी जुन्या नोंदी चाळून खात्री केली. खोटं कशाला बोलू?

जेवताना तो मला म्हणाला होता, "ओटिस, बॅग उघडलेली नाही अजून. ठेवलंत तरच कपडे कपाटात लावेन. इथूनही काढलं तर या वयात मला कोण घेतोय?"

शेवटच्या सराव सामन्यात समोरचा पठ्ठ्या त्याच्या तोंडावर बडबडत होता, "आजोबा, गुडघे वाजतायत तुमचे. घरी जा, नातवंडं वाट बघतायत." ब्रँडवोल्डची करंगळी निखळून आडवी झालेली, नाकावर गांधीलमाशी बसलेली. तो हलला नाही. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं या मैदानाच्या कडेला उभा आहे, असलं काही पाहिलं नव्हतं. चेंडू हलला आणि तो बडबड्या उताणा पडला.

ब्रँडवोल्डने त्याला हात देऊन उठवलं. "नातवंडं कुठली रे, मुलगी सहावीत आहे माझी."

मंगळवारी सकाळी चार खोल्या उरकून मी त्याच्या दाराशी गेलो. तो पलंगावर बसला होता, पायाशी बंद बॅग, मांडीवर वही. मी तोंड उघडायच्या आतच ताडकन उठला. वही माझ्यापुढे धरली.

"खाली बस," मी म्हणालो. "वही मागितली का मी? शिंपी विचारतोय, 'ब्रँड' की 'ब्रॅड'? सदऱ्यावर नाव शिवायचंय."

तो उभाच राहिला. म्हणाला, "ब्रँड."

"आज हललास रे, लाइल."

"पाच यार्ड मागे," तो डोळे पुसत म्हणाला, आणि बॅगेची चेन उघडली.