सरासरी जनावराची बंदूक

प्राण्यांची सरासरी काढता येत नाही, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. आणि ती मी काढली होती, हे परवापर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. (मुलीने लॅपटॉपवर पाहिलं होतं. "बाबा, यू आर ॲव्हरेजिंग ॲनिमल्स?" एवढं विचारून ती निघून गेली. तिच्या मते माझं सगळंच काम असं असतं.)

मी बहारीनमध्ये अकाउंटंट आहे. माझ्या बायकोचा, वैशालीचा थोरला भाऊ सुधीर याचं तुबलीत गॅरेज आहे. सुधीर लांज्याकडच्या गावातला. तिथे त्याच्या वडिलांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. बहारीनला आल्यापासून त्याने बंदुकीला हात लावला नाही, पण गॅरेजच्या टेबलावर टायरचे कॅटलॉग कमी आणि रायफलींचे जास्त. कुठल्या जनावराला कुठलं काडतूस, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल.

बंदुकीशी माझा संबंध एवढाच की, लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांबरोबर राखणीला गेलो आणि बुजगावण्यावर नेम धरला. तोही चुकला.

सुधीरच्या गॅरेजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे जनाबियाचे अबू खालिद. व्हिला, सात गाड्या आणि शिकारीची हौस. गेल्या वर्षी त्यांनी भावांबरोबर दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरवलं. रायफली तिथल्या लॉजवरच भाड्याने मिळतात; पण कुठल्या जनावरासाठी कुठली बंदूक आणि कुठलं काडतूस, ते आधी फॉर्म भरून कळवावं लागतं. अबू खालिद सुधीरला म्हणाले, "लिस्ट तुम बनाओ. ठीक निकला तो अगला साल तुम मेरे साथ."

सुधीरने दोन दिवस गाड्यांना हात लावला नाही. मग आपल्या हाताने लिहिलेला यादीचा कागद घेऊन अरादला आमच्या घरी आला. इंग्रजी मेल करायचं काम माझ्याकडे होतं.

"लिहा भावोजी. स्प्रिंगबॉक म्हणजे आपल्या बोकडाएवढा. लांबून मारायचा, म्हणून टू-फोर-थ्री. हलकी गोळी, वेगवान. कुडू म्हणजे मोठं हरीण, त्याला थर्टी-ओ-सिक्स. ईलँड म्हणजे आपल्या गव्याचा भाऊच, त्याला थ्री-सेवन्टी-फाइव्ह, खांद्याला दणका देणारी. आणि गिनी कोंबडीला बारा बोअर, सहा नंबरचे छर्रे."

"चार बंदुका? माणूस एक आहे."

"जनावरं चार आहेत ना. आणि गोळीचं टोक मऊ हवं, हे नक्की लिहा. मऊ टोक आत जाऊन पसरतं, जनावर जागच्या जागी बसतं. कडक टोक आरपार जातं आणि बिचारं दिवसभर पळत राहतं. ते पाप नको."

"दादाला किती माहिती आहे ना," वैशाली म्हणाली. एवढंच म्हणाली. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि या वाक्यात 'दादा'च्या जागी माझं नाव एकदाही आलेलं नाही. (टॅक्समधलं मला बरंच माहीत आहे. बहारीनमध्ये इन्कम टॅक्सच नाही.)

सुधीर गेल्यावर मी यादीकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं. एका माणसाला चार बंदुका, हे माझ्या शिस्तीत बसेना. बोकडाएवढा धरला चाळीस किलो, कुडू दोनशे तीस, ईलँड साडेसहाशे. बेरीज करून तीनने भागलं. वरचे ग्रॅम सोडून सरासरी जनावर तीनशे सहा किलोचं निघालं. असं जनावर आफ्रिकेत काय, पृथ्वीवर कुठे आहे का, हा प्रश्न मला पडला नाही. तीनशे सहा किलोला टू-फोर-थ्री लहान पडणार, म्हणून सगळ्यांना एकच थ्री-सेवन्टी-फाइव्ह. कोंबडीचं वजन सरासरीत धरण्याइतकं नव्हतं, म्हणून बारा बोअर रद्द. आणि मऊ टोक? साडेसहाशे किलोच्या जनावराला मऊ काय घालायचं, तो गुरगुट्या भात आहे का? मी 'कडक' लिहिलं.

लॉजवाल्यांचा उलट मेल आला: नक्की हेच हवं का? बाकीच्या रायफली दुसऱ्या पाहुण्यांना जातील. मी उत्तर दिलं, "नक्की. आमच्या तज्ज्ञाने हिशेब करून ठरवलं आहे." खाली नाव सुधीरचं. शिकार जोरात झाली की खरा तज्ज्ञ कोण ते सगळ्यांसमोर उघड करायचं, असा माझा बेत होता.

अबू खालिद परत आले तेव्हा मी गॅरेजमध्येच ऑइल बदलून घेत होतो. त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता.

"सुधीर, ये बंदूक था की तोप? पहले दिन पाँच गोली मारा, कंधा खलास. फिर ट्रिगर दबाने से पहले आँख अपने आप बंद. हिरन मफी, एक भी नहीं मिला. कुडू मफी. मेरा भाई लोग हँसता है."

"और मुर्गी?" सुधीरने हळूच विचारलं.

"मुर्गी को लगा."

"अच्छा?"

"लगा. मगर मुर्गी मिला नहीं. सिर्फ पंख मिला."

सुधीर माझ्याकडे वळला. "भावोजी, मी सांगितलं तसंच पाठवलंत ना?"

इथे एक सरळ माणूस काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. मी म्हणालो, "अगदी तसंच. तुमच्या कागदावरूनच टाइप केलं."

सुधीरने पान्याला लागलेलं ग्रीस पुसलं. मग अबू खालिदना म्हणाला, "गलती मेरा है. मेरा अक्षर खराब है. इनको बराबर पढ़ने को नहीं आया होगा." तेव्हापासून तो गॅरेजची जॉबकार्डं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितो की, एका कार्डावर 'ब्रेक' मावतो आणि 'पॅड'साठी दुसरं कार्ड लागतं.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण या वर्षीचा फॉर्म आला आणि अबू खालिदनी मला जनाबियाला बोलावलं. समोर खजूर आणि गावा, म्हणजे अरबी कॉफी; खांदा आता बरा. "तुम हिसाब का आदमी. इस बार लिस्ट तुम बनाओ, और तुम मेरे साथ चलो. सुधीर मफी."

मी तोंडातला खजूर बीसकट गिळला. मग सगळं सांगून टाकलं: बोकड, गवा, भागिले तीन, कोंबडी, कडक टोक. तीनशे सहा किलोच्या जनावरापाशी त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि असे हसायला लागले की आतून त्यांची मुलं काय झालं म्हणून धावत आली.

"मैं गुस्सा नहीं," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले. "कंधा मेरा था, मैं माफ किया. मगर इज्जत सुधीर का गया. इस बार सुधीर चलेगा, खलास. मैं उसको कुछ नहीं बोलेगा. वो तुम बोलेगा."

"इंशाल्ला," मी म्हणालो.

"इंशाल्ला नहीं. बोलेगा."

काल शुक्रवार. सुधीर दुपारी आमच्याकडे आला तो हातात अख्खी सुरमई घेऊन. अबू खालिदचा सकाळीच फोन गेला होता: यादी तू कर, आणि पासपोर्ट घेऊन ये. पन्नाशी ओलांडलेला माणूस सोफ्यावर बसून टू-फोर-थ्री, टू-फोर-थ्री असं गुणगुणत होता.

"भावोजी, तुम्ही काल त्यांच्याकडे गेला होतात ना? माझ्यासाठी शब्द टाकलात. मला कळलं."

"तसं नाही हो सुधीरराव, म्हणजे झालं असं..."

"राहू द्या. माझ्या अक्षरामुळे तुम्हाला केवढा त्रास, आणि वर तुम्हीच माझी बाजू घेता."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत प्रथमच, ज्या नजरेने ती दादाकडे बघते त्या नजरेने पाहिलं. आणि मी, जनाबियात धडाधड कबूल झालेला मी, सुरमईच्या तीन तुकड्या खाल्ल्या आणि चौथी मागितली.

सुधीरचं विमान पुढच्या महिन्यात आहे. मला त्याआधीच बोलायला हवं, कारण परत येईल तेव्हा त्याचा नेम सुधारलेला असेल. यादी मी बदलली आणि नंतर तोंडावर खोटं बोललो, ही दोन वाक्यं मी सुधीरला अजून देणं लागतो.