दाट विणीचं चित्र

आक्का गेली ती दुपारी तीनच्या सुमारास. निपाणीला मी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात प्रकाशचा, म्हणजे तिच्या मुलाचा, फोन आला. "काकू..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मला कळलं. पण खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, अगं तीन वाजले, बायका यायची वेळ झाली, आणि ही कुठं निघाली? त्या दुपारी बंद होऊन किती वर्षं झाली! तरी मन आपलं वडगावच्या गल्लीतच बसलेलं, हातात सुताची लडी घेऊन...

आक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन बेळगावला, वडगावात आले तेव्हा मला जेमतेम अक्षर ओळखू येत होतं. घरात चार पॉवरलूम, सासरे आप्पा, दोघे भाऊ, आणि आम्ही दोघी. वडगाव म्हणजे साड्या विणणाऱ्यांची वस्ती, त्यामुळं घरोघरी मागांचा खडखडाट. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला कसा सांगू? दाताखालून जातो, उशीतून येतो. त्या आवाजात बोलायचं म्हणजे गळा फाडायचा, म्हणून मागाच्या घरातल्या बायका ओठांवरून बोलणं वाचतात. मला पहिल्या महिन्यातच यायला लागलं. आक्का शेडच्या त्या टोकाला उभी राहून नुसते ओठ हलवायची, "धाकटे, भात उतर," आणि मी उतरून यायची. पुरुषांना ते तेवढं जमायचं नाही, कारण त्यांची नजर कापडावर.

आमचं काम कांड्या भरण्याचं. कांडी म्हणजे धोट्यात, आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत, बसवायची सुताची बारकी नळी, ती रहाटावर भरायची. प्रत्येक घरात एकेक बाई एकेका कोपऱ्यात दिवसभर रहाट फिरवत बसायची, शेजारणीचं तोंड आठ-आठ दिवस दिसायचं नाही. आमच्या शेडला लागून एक खोली होती. जुना हातमाग काढल्यापासून रिकामी. आप्पांना तिथं पाचवा माग बसवायचा होता. आक्कानं लग्नानंतर सासऱ्यांकडं काही मागितलं असेल तर ती खोली. मी दाराआड उभी होते.

"मामंजी, दुपारच्या दोन तासांपुरती द्या. गल्लीतल्या बायका आपापलं रहाट घिऊन येतील. मिळून बसलं की काम जादा हुतंय."

"बायका मिळून बसल्या की काम हुतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "बरं, बसा. पर एक ध्यानात ठेव. खोली मोकळी दिसली, की माग बसला म्हणून समज."

आता बायकांना घरातून काढायचं कसं? सासवा सोडणार कशाला? आक्काचं डोकं लई चालायचं. घरात रंगीत टीव्ही होता, पण दुपारी त्याच्यावर काही लागायचं नाही. आक्का म्हणाली, व्हिडिओ आणू या. कांड्या भरता भरता पिच्चर बघायला मिळाला, तर सासवासुद्धा येतील रहाट घेऊन. साडीची कड विणून तिनं जे साठवलं होतं ते कमरेला लावून आम्ही दोघी एसटीनं कोल्हापूरला गेलो. दुकान कुणीतरी सांगितलं होतं, सवलतीत व्हिडिओ देतो म्हणून.

तेव्हा व्हिडिओत दोन घराणी होती. एक लहान कॅसेटचं, त्याला बीटा म्हणत. दुसरं मोठ्या कॅसेटचं, ते व्हीएचएस. एकाची कॅसेट दुसऱ्यात जायची नाही, आणि दोघांची जगभर मारामारी चालली होती म्हणे, कोण टिकतंय याची. आम्हाला त्यातलं काय ठाऊक? दुकानदारानं दोन टीव्हींवर दोन्ही लावून दाखवले, आणि बिचारा खरं तेच बोलला. "ताई, हा लहान कॅसेटवाला निम्म्या किमतीत देतो. पण आधीच सांगतो, ह्याच्या कॅसेटी यायच्या कमी झाल्यात. लोक सगळे तिकडं वळलेत."

आक्कानं माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले, "बघ, आपलाच माल वाईट म्हणतोय. कुणासाठी तरी राखून ठेवलाय ह्यानं." आम्ही उभ्या जन्मात असला व्यापारी पाहिला नव्हता हो. साडी घ्यायला येणारा साडीला नावं ठेवतो, विकणारा कधीच नाही. म्हणजे यात काहीतरी मेख आहे, हे आम्ही धरूनच चाललो. मग तिनं पदराच्या गाठीतून आप्पांचं भिंग काढलं. विणकराकडं पितळी घडीचं भिंग असतं, कापडावर ठेवून इंचात किती धागे ते मोजायचं. ते तिनं सरळ टीव्हीच्या काचेवर टेकवलं. "धाकटे, मोज." मी एक डोळा मिटून मोजले. आत लाल, हिरवे, निळे ठिपके, जरीच्या बुट्ट्यांसारखे... मला वाटलं कुठल्या तरी राजवाड्याच्या छतात बघतेय. दुकानदार तोंड उघडं टाकून उभा.

"ह्यो दाट हाय," आक्कानं निकाल दिला. "त्यो मोठा इरळ हाय. ह्येच द्या. दोन द्या."

"दोन कशाला ताई?"

"एक बंद पडला तर बायका काय भिंत बघतील?"

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या मुलानं समजावून सांगितलं, की आम्ही मोजले ते ठिपके टीव्हीच्या काचेचे होते, व्हिडिओचा त्यात काही संबंध नव्हता. मी आक्काला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यानं तवाच सांगायचं हुतं. पर चित्र दाटच हुतं की नाय, तू सांग." होतं बाई. दाटच होतं.

येताना दोन्ही यंत्रं साड्यांच्या गठ्ठ्यात बांधलेली. कर्नाटकाच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली, तपासणीचे साहेब आत आले, गठ्ठा दाबून बघितला. "साडी एवढी टणक?" आक्का म्हणाली, "वडगावची हाय, साहेब. लई दाट इणलीया." सगळी गाडी हसली, साहेबही हसले, मग पावती मागितली, ती आक्कानं निमूट काढून दिली. खिडकीतून उसाचे तुरे हलत होते आणि ती गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती, निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा.

पहिले काही महिने, काय सांगू... तीन वाजले की गल्लीतून रहाट डोक्यावर घेऊन बायकांची रांग यायची. वीस-बावीस जणी. खिडकीला आप्पांचं धोतर लावून अंधार केलेला, सुताचा वास, रहाटांची गुणगुण आणि भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट. पिच्चरमधलं बोलणं कुणाला ऐकू येतंय? आम्ही ओठ वाचायचो. हिंदी ओठ वाचायला जरा वेळ लागला एवढंच. निळ्या उजेडात बायकांच्या बोटांवरून सूत सरकायचं तेव्हा वाटायचं, पडद्यावरचं चित्रच इथं कांड्यांवर गुंडाळलं जातंय, उद्या ते साडीत उतरणार...

आणि मग दुकानदार बोलला होता तेच झालं. बेळगावात कॅसेट भाड्यानं देणाऱ्यानं लहान कॅसेटी ठेवणंच बंद केलं. आमच्याकडं उरल्या आठ, दुकानदारानं दोन यंत्रांवर वर दिलेल्या. त्याच फिरवून फिरवून लावायच्या. "यव्वा, हे धाव्यांदा बघायलोय," शेजारची गंगव्वा वैतागली. ती कानडी बोलणारी, तिचं मराठी असंच गोड. "हिरोचं चड्डीचं माप पण कळलं मला आता." वीसच्या बारा झाल्या, बाराच्या पाच. एक दिवस आप्पा आले, काही न बोलता टेप लावून खोलीची लांबी-रुंदी घेऊन गेले. गवंड्याला सोमवारचा सांगावा गेला. मागाचा पाया खणायचा होता.

त्या दिवशी आक्का जेवली नाही. मी म्हटलं, "आक्का, आपण फसलो गं." ती म्हणाली, "चित्रात न्हाय फसलो. चित्र चांगलंच हाय. त्यांचं बोलणं शिळं झालंय." आणि जरा वेळानं, "आवाज तर कुणालाच येत न्हाय. मग त्येंनीच का बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं आवाजाचं बटण पार खाली केलं. मुक्या पडद्यावर नायिका झाडाला टेकून रडत होती, आणि आक्कानं मागांच्या वर ऐकू जाईल असा गळा काढला, "आगं बया, दूध उतू गेलं आसंल गं घरात! सासू काय म्हणंल!" गंगव्वा अशी हसली की तिची लडी सुटली. मग ती नायक झाली, अर्धं कानडी अर्धं मराठी, नायिकेला म्हणे साबण घेऊन देतो, पण आधी दहा कांड्या भर. त्या एका दिवसात गल्लीभर झालं. बायका परत आल्या, आल्या त्या सासवांना घेऊन. तोच पिच्चर, पण रोज नवी गोष्ट. कधी त्यात नळाचं भांडण यायचं, कधी कुणाच्या माहेरची आठवण. एकदा एकीनं नायिकेच्या तोंडून असं काही सांगितलं, जे ती स्वतःच्या तोंडानं कधीच सांगू शकली नसती, आणि आम्ही सगळ्या खाली मान घालून रहाट फिरवत राहिलो... आदल्या दिवशीचं परत म्हण म्हणून बायका मागं लागायच्या, म्हणून मी सुताच्या पुड्यांच्या कागदावर पेन्सिलीनं टिपून ठेवायला लागले. माझं लिहिणं सुरू झालं ते असं. शाळा कुठली म्हणाल तर ती खोली.

आक्का मात्र नायक-नायिकेला पुन्हा कधी हात लावायची नाही. ती बोलायची ती ज्यांना पिच्चरमध्ये बोलणंच नाही त्यांच्यासाठी. घोड्यासाठी. मागं पंखा हलवणाऱ्यासाठी. ताट घेऊन येते आणि ठेवून जाते, त्या बाईसाठी. "तिला कुणी काय इचारलंच न्हाय गं," म्हणायची.

हे सुरू झालं त्याच आठवड्यात, गवंडी यायच्या आदल्या शनिवारी, माझ्या वाट्याला नायिकेचा बाप आला होता. मिशीवाला, काठी आपटणारा. मला काय अंगात आलं कोण जाणे, मी सरळ आप्पांचा आवाज काढला. "हितं माग बसवा! न्हाणीत माग बसवा! देव जरा सरकवा आणि देवघरात माग बसवा!" बायका हसतायत, हसतायत, आणि मग एकेक रहाट थांबायला लागला. मी पाठमोरी. आक्काकडं बघितलं तर तिचे नुसते ओठ हलले, "मागं आप्पा."

मी पदर ओढला. जमीन दुभंगावी असं होणं काय ते तेव्हा कळलं. आप्पा दारात उभे होते, काठी न घेता.

"मी आसा बोलतोय व्हय गं?"

पलीकडं माग चालू. पडद्यावर नेमकी ती ताटवाली बाई आली, आणि आक्का पडद्यावरची नजर न हलवता तिच्या आवाजात बोलली, "व्हय मालक, आसंच बोलतासा. पर तुमी वाईट न्हाईसा. तुमास्नी ह्या घरात कुणी बसा म्हणत न्हाय, म्हणून उभ्या उभ्या वरडतासा."

गंगव्वानं हळूच एक पाट पुढं सरकवला. आप्पांनी त्या पाटाकडं बराच वेळ बघितलं. मग बसले. पिच्चर संपेपर्यंत बसले, मध्ये एकदा कुणाचं तरी तुटलेलं सूत त्यांनी गाठ मारून दिलं. सोमवारी गवंडी आला नाही. का आला नाही ते आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. खोली आमची झाली ती अशी, कुणी दिली असं न होता.

पुढं घरोघरी केबल आली, माग कमी झाले, बायका पांगल्या. आम्ही निपाणीला आलो. दोन्ही यंत्रं भंगारात गेली, आठ कॅसेटींच्या फिती तर आक्कानं परसात पाखरं हाकलायला दोरीवर बांधल्या होत्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. पण खोलीत तिनं शेवटपर्यंत काही ठेवू दिलं नाही, एक पोतंसुद्धा.

तेराव्याला वडगावला गेले होते. दुपारी जुन्या बायका भेटायला आल्या, जेवढ्या उरल्यात तेवढ्या. गंगव्वाला नातीनं धरून आणलं. प्रकाशनं सतरंजी त्याच खोलीत घातली. दुःखाचं घर म्हणून टीव्ही मुका होता, पोरांनी लावून ठेवलेला, कुठलीशी मालिका चालू होती. लग्नघर, भांडणारे लोक. आम्ही नुसत्या बघत बसलो. मग गंगव्वाच्याच तोंडून निघालं, "यव्वा, एवढं दागिना घालून कोण भांडतंय गं?" एकीनं उत्तर दिलं, दुसरीनं त्यावर जोडलं. आवाज थकलेले, पण चाललं. मी सासरा झाले. प्रकाश दारात उभा राहून बघत होता, हसावं की रडावं त्याला कळेना.

आणि चित्रात मागच्या बाजूला, पायरीवर, एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसलेली दिसली. पुढं भांडण चाललंय, ही आपली सोलतेय. आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. मी तोंड उघडलं, मिटलं. गंगव्वानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती बाई शेंगा सोलत राहिली, आणि आम्ही तिला बोलायला जागा ठेवून बसून राहिलो...