मतदानादिवशीचे आंधळे

आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं मतदानाच्या दिवशी आंधळी व्हायची. आदल्या दिवशी रानात कापूस वेचणारी, लांबून आपली शेळी ओळखणारी माणसं त्या दिवशी हातात काठी घेऊन, नजर भुईला लावून शाळेकडं निघायची. प्रत्येकाच्या दंडाला धरून मालकाचा एकेक माणूस.

मालक म्हणजे देगलूर तालुक्यातल्या आमच्या त्या गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला. वस्तीतली निम्मी घरं त्याच्याच शेतावर राबायची. ज्याला दिसत नाही त्याच्यासोबत दुसऱ्या कुणी जाऊन बटण दाबलं तर चालतं, असा कायदा आहे. एका सोबत्यानं एकालाच न्यायचं, असंही त्यात आहे. म्हणून मालक तेवढी माणसं गोळा करून ठेवायचा. हे मत मी गुप्त ठेवीन, असं सोबत्याला लिहून द्यावं लागतं. ती सही करून मालकाची माणसं बाहेर यायची आणि पारावर बसलेल्या मालकाला लांबूनच मान हलवून सांगायची, झालं.

मी लहान असताना वस्तीतल्या एकानं मतदानाच्या खोलीत ‘मला दिसतंय’ म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी त्याला बैलगाडीच्या चाकाला बांधून आसुडानं मारलं. समोरचे दात गेले, पाठीची सालं निघाली. तो माणूस पुढं जगला, पण भाकरी दुधात कुस्करून खायचा. त्यानंतर आंधळं होण्यातच सगळ्यांना शहाणपण वाटायला लागलं. ज्यानं बटण दाबलंच नाही, त्याला कोण कशाला मारील? माझा बापही त्यातलाच.

बापाची नजर म्हणाल तर गावात तशी दुसरी नव्हती. पायात बाभळीचा काटा मोडला, की लोक त्याच्याकडं यायचे. तो पाय मांडीवर घ्यायचा, सुई चुलीत तापवायचा आणि डोळ्याला दिसणार नाही एवढं टोक अलगद वर काढायचा. स्वतः मालकही यायचा. एरवी आमच्या दारात न येणारा माणूस काटा मोडल्यावर बापाच्या मांडीवर पाय ठेवून ‘हळू रे, हळू’ म्हणायचा.

मी नववीत शाळा सोडली आणि देगलूरला सेंट्रिंगच्या कामावर लागलो. तरी नागरिकशास्त्राचं पातळ पुस्तक माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गुप्त मतदान, प्रौढ मताधिकार, एक व्यक्ती एक मत. दोन-दोन मार्कांचे प्रश्न. मी बाविशीत असताना गावात पोटनिवडणूक लागली. आमच्या वॉर्डातला सदस्य वारला होता आणि जागा आमच्या समाजासाठी राखीव होती. मालकानं वस्तीतलाच एक उभा केला. त्याच्या गोठ्यात शेण काढणारा. मग माझी चुलती उभी राहिली. तिला मतदान केंद्रात बसायला वाचता येणारा माणूस पाहिजे होता.

“तू बस,” ती म्हणाली. “यादी वाचाय येतीय तुला. बोगस कोण आला तर उठून बोलायचं. भ्यायचं न्हाई.”

“भ्यायचं न्हाई म्हणायला तुला काय जातंय?” बाप तिला म्हणाला. मग माझ्याकडं वळून, “तू बस, लेका. पण मला उद्या दिसत न्हाई, एवढं ध्यानात ठेव.”

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून लागतं.

सकाळी शाळेच्या खोलीत मी यादी घेऊन बसलो. शेजारी मालकाच्या उमेदवाराचा माणूस. केंद्राध्यक्ष बाई होत्या, माहूरकडच्या कुठल्याशा शाळेत शिकवणाऱ्या. एकेक आंधळा आला, एकेक सोबती आला, सह्या झाल्या. मी गप्प. दहा-अकराच्या सुमारास मालकाच्या पुतण्यानं माझ्या बापाला दंडाला धरून आत आणलं.

“म्हाताऱ्याला दिसत न्हाई मॅडम. मी सोबत जातो.”

बाप माझ्याकडं बघत नव्हता. काठीच्या टोकानं उगाच फरशी चाचपत होता. त्याला तसं चाचपताना बघून माझं डोकं फिरलं. मी उठलो.

“मॅडम, माझा आक्षेप हाय. ह्यांना दिसतंय. परवाच ह्यांनी खुद्द मालकाच्या टाचेतला काटा काढलाय. आंधळ्याच्या हातात सुई देऊन मालक पाय पुढं करतो का, इचारा ह्यांना!”

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दारातला पोलीसही हसला. पुतण्याचे कान लाल झाले. नुसता आक्षेप घेतला असता तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. मी त्यांच्यावर गाव हसवलं. चूक झाली ती तिथं.

बाईंनी बापाला विचारलं, “बाबा, खरं सांगा. दिसतंय का तुम्हाला?”

मला तेव्हा कळलं, की आता तो ‘नाही’ म्हणाला तर मी खोटा ठरतो, आणि ‘हो’ म्हणाला तर...

बापानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. “दिसतंय, बाई.”

तो एकटा पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला. लई वेळ लावला. पुतण्या मान उंच करून बघायला लागला तशा बाई ओरडल्या. मग यंत्राचा आवाज आला आणि बाप बाहेर आला. काठी तशीच राहिली.

दुपारपासून माझ्यासाठी निरोप यायला लागले. त्याला बाहेर तर येऊ दे. हातपाय ठेवत नाही. मतदान संपल्यावर बाईंनी मला बोलावलं, खिचडीचं सामान ठेवायच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. “पोलिसांची गाडी येईपर्यंत आवाज करू नको,” एवढंच बोलल्या. तांदळाच्या पोत्यावर चढलं, की खिडकीतून रस्ता दिसायचा.

मी सापडत नाही म्हणून मालकाच्या माणसांनी बापाला घरातून ओढत आणलं. शाळेसमोरच्या हापशापाशी पाडलं. पाच-सहा जण होते. कुणाच्या हातात पाण्याचा लोखंडी पाइप, कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. पुतण्यानं बापाच्या मनगटावर बूट ठेवला.

“कुणाला टाकलंस?”

बाप बोलला नाही. पाइप बरगडीवर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

“कुणाला टाकलंस ते सांग, सोडून देतो. सांग की रे!”

‘तुमालाच टाकलं, मालक’ एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. खरं होतं का खोटं, कुणाला कळणार होतं? मी वरून ओरडत होतो, “सांग बा, सांग!” खिडकीचे गज हातानं हलवत होतो, दारावर लाथा मारत होतो. बाईंनी कडी काढली नाही. त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं. शाळेत एक पोलीस होता, त्याच्यामुळं ती माणसं आत शिरली नाहीत, पण तो यंत्र सोडून हापशाकडं जायला तयार नव्हता. बापानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि तोंड मिटलं. पुतण्यानं मनगटावरच्या बुटावर सगळा भार दिला. मग तोंडावर लाथ. बापाची हालचाल थांबली तशी ती माणसं चुलतीच्या घराकडं वळली आणि तिचं दार कुऱ्हाडीनं फोडलं. ती लेकरं घेऊन मागच्या बाजूनं उसात पळाली होती.

पोलिसांची गाडी आली तेव्हा अजून उजेड होता. बाईंनी स्वतः जीप बोलावून बापाला आत घातलं. देगलूरच्या दवाखान्यानं पुढं पाठवलं, तसे आम्ही नांदेडला आलो. चार बरगड्या आणि एक मनगट मोडलं, आणि एका कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. त्या बाईंची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. कडी लावली म्हणून मी जिवंत आहे. त्यांचं हे ऋण मी रोज मानतो, आणि ती कडी मला रोज आठवते.

दवाखान्यात जमादार जबानी घ्यायला आला. “कुणाला मत दिलं म्हणून मारलं, बाबा?”

“ते लिहू नका.”

“अहो, केस मजबूत होईल.”

“मारलं तेवढं लिव्हा.”

जमादार गेल्यावर मी वाकून चांगल्या कानात विचारलं, “बा, मला तर सांग. कुणाला टाकलंस?”

सुजलेल्या डोळ्यांनी त्यानं माझ्याकडं बघितलं. “त्यांनी बी हेच इचारलं,” म्हणाला.

त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

चुलती पडली. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या मतांनी पडली. त्या मतांत बापाचं मत कुठल्या बाजूला होतं, मला ठाऊक नाही. केस अजून चालू आहे. गवाहीला उभं राहायला गावातलं कुणी तयार नाही. गावात मी दिसलो तर कापू, असा निरोप आला तेव्हा बापानंच मला पाठवून दिलं. आता मी कोकणात एका चिरेखाणीवर दगड कापायची मशीन चालवतो. इथल्या मुकादमानं नाव-गाव न विचारता काम दिलं, त्याच्या बायकोनं महिनाभर जेवू घातलं. त्यांचं भलं होवो. तरी घरचा फोन अवेळी वाजला, की पहिल्या घंटीलाच मी तो उचलतो.

गेल्या महिन्यात गावात पंचायतीची निवडणूक लागली. गेल्या आठवड्यात मी फोन केला.

“बा, पाया पडतो तुझ्या. ह्या बारीला दिसत न्हाई म्हण. मालकाच्या पुतण्याला धरून जा आणि मोकळा हो.”

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, बहिऱ्या कानाला फोन लावलाय.

“बा, ऐकू येतंय का?”

“येतंय. तूच उठून बोलला हुतास ना, बापाला दिसतंय म्हणून?”

“चुकलं माझं.”

“तुझं चुकलं आसंल,” बाप म्हणाला. “मी बाईंना खरं सांगितलं हुतं.”

मतदान आज आहे. मुकादमाला सांगून मी मशीन बंद ठेवली आहे, कारण तिच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. बा सकाळी सातलाच जाणार आणि आल्या आल्या फोन करणार म्हणाला होता. आता अकरा वाजून गेले.