रॅमचं माहेर

बिघडलेल्या वस्तूच्या आधी तिच्या मालकाला दुरुस्त केलं पाहिजे, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका ठाम विश्वास असलेला माणूस उभ्या पुण्यात दुसरा सापडणार नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण दोष नेमका कुठे आहे हे खणून काढायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. ते मार्केट यार्डाच्या मागे एकटे राहतात आणि आम्ही बिबवेवाडीत. सायकलवरून सहज येता यावं इतकंच हे अंतर आहे. थोडं जास्त असतं तर माझं रक्त एवढं आटलं नसतं. मी घरबसल्या मराठी डीटीपीची कामं करते. संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, हौशी कवींचे संग्रह, मंडळांच्या स्मरणिका. ज्या कॉम्प्युटरवर माझं पोट चालतं, तो मामांनीच सुटे भाग आणून जुळवलेला. त्यामुळे तो बिघडला की दुसऱ्या कोणाला बोलवायची सोय नाही, आणि मामा सासरचे वडीलधारे असल्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवायचीही सोय नाही.

मामांना फोन करून "कॉम्प्युटर बंद पडलाय" एवढं सांगून भागत नाही. "बंद पडलाय म्हणजे काय, सूनबाई? दवाखान्यात जाऊन 'आमचा माणूस बंद पडलाय' असं सांगतेस का? पंखा फिरतोय का? पुढचा दिवा लागतोय का? दिवा लागून पडदा काळा आहे, की दिवाच नाही?" मी म्हणते, दिवा लागतोय. पलीकडून अत्यंत मृदू आवाज येतो, "आपण स्वतः पाहिलंत, की अंदाज?" मामा मला 'आपण' म्हणायला लागले की समजायचं, आपलं काही खरं नाही. इकडे दारात नवरदेवाचे काका पत्रिकेत स्वतःचं नाव चुकलंय म्हणून ताटकळलेले असतात, आणि मी फोन कानाला लावून टेबलाखाली शिरून पंखा बघत असते. मग आदल्या दिवसाची चौकशी सुरू होते. फरशी पुसली का, पुसताना वायर हलली का, कोणी नवीन काही जोडलं का. एकदा या सगळ्या उलटतपासणीनंतर असं निघालं, की इस्त्रीसाठी मी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं आणि पुन्हा चालू करायला विसरले होते. मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "इस्त्री चांगली झाली ना?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला.

प्रत्यक्ष येतात तेव्हा दारात "जय भीम" म्हणतात, चहाला नको म्हणतात आणि थेट माझ्या खुर्चीमागे जाऊन, दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहतात. ते हात शेवटपर्यंत सुटत नाहीत. मशीन ज्याचं, त्यानंच ते उघडायचं हा त्यांचा नियम. "बांगड्या काढ. आधी नळाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे. हं, आता उघड." मी स्क्रू काढते, झाकण काढते, धुळीनं शिंकते. रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायला लागले की मागून आवाज येतो, "परात घासतेयस का? हलक्या हातानं." माझ्या सासूबाईंनी मला पुरणपोळी शिकवली तेव्हासुद्धा मी इतकी बोलणी खाल्ली नव्हती. वैतागून मी एकदा रॅम आणि एक केबल अशा दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं. मला वाटलं, सुटले. मामांनी ते बंद करायला लावलं. "सुरू झालं खरं, पण कोणामुळे? हार कोणाच्या गळ्यात घालायचा?" जुनी केबल मला परत जोडावी लागली, मशीन पुन्हा बंद पडलेलं बघावं लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

कॉम्प्युटर सुरू होताना बीप असा आवाज करतो आणि त्या बीपवरून त्याचं दुखणं ओळखता येतं, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेव्हा मी सुखी होते. बीप ऐकायचा असला की मामा घराला संचारबंदी लावतात. पंखे बंद, कुकर बंद, टीव्ही बंद. आमच्या ह्यांनी एकदा शिंक दाबून धरली होती, ती मला अजून आठवते. त्या दिवशी ओळीनं तीन बीप आले. मामा म्हणाले, रॅम. मी रॅम घासली. पुन्हा तीन बीप. मी रॅम दुसऱ्या खाचेत बसवली. पुन्हा तीन बीप, या खेपेला जरा लांबून आल्यासारखे. माझी नजर खिडकीबाहेर गेली तर आमच्या बोळात मार्केट यार्डाकडे निघालेला कांद्याचा ट्रक वाट चुकून शिरला होता आणि मागे मागे येत होता. मी नुसतं बोट दाखवलं. मामा खिडकीशी गेले, बराच वेळ त्या ट्रककडे संशयानं बघत राहिले आणि म्हणाले, "त्याच्या रॅमबद्दल मला सांगता येणार नाही. चल, पहिल्यापासून."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची सुट्या भागांची देवाणघेवाण. एखाद्या भागावर संशय आला की त्या जागी खात्रीचा भाग लावून बघायचा असतो. हा खात्रीचा भाग मामा दुकानातून आणत नाहीत, नातेवाइकांच्या चालत्या कॉम्प्युटरमधून काढून आणतात. "तपासणीपुरता" म्हणून आणतात आणि मग तो तिथेच नांदायला लागतो. माझ्या मशीनमधली रॅम येरवड्याच्या मोठ्या जाऊबाईंची, वीजपुरवठ्याची पेटी धनकवडीच्या नणंदेची, आणि माझा मूळचा पंखा त्या नणंदेकडे. कोणाचं काय कुठे आहे हे मामांच्या डोक्यात पक्कं, आणि प्रत्येक भागाला ते त्याच्या माहेराच्या नावानं हाक मारतात. "येरवड्याचीला जरा जपून, ती नाजूक आहे." लग्नकार्यात भेट झाली की जाऊबाई मला आधी विचारायच्या, "आमची रॅम सुखात आहे ना गं?" पुढे एकेकानं लॅपटॉप घेतले. नणंदेनं जुना कॉम्प्युटर भंगारात दिल्याचं कळताच मामा सायकल काढून भंगारवाल्याकडे पोचले आणि "यातला पंखा आमच्या सुनेचा आहे" असं सांगून तो सोडवून घेऊन आले. लॅपटॉपबद्दल त्यांचं मत फार वाईट. जाऊबाईंचा नवा कोरा लॅपटॉप त्यांनी उलटापालटा केला आणि विचारलं, "याचं पोट कुठून उघडायचं?" उघडायचं नसतं म्हटल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी साऱ्या गोतावळ्यात उघडता येणारे कॉम्प्युटर दोनच उरले, एक माझा आणि एक मामांचा. दोन्ही त्यांनीच जुळवलेले, दोन्हींचा मदरबोर्ड अगदी सारखा.

नवा घे, नवा घे, असं मलाही सगळे सांगत होते. पण माझं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर जुनं. ते ज्या लॉकवर, म्हणजे मशीनच्या मागे खोचायच्या छोट्या डबीवर चालतं, ते लॉक प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्येच बसतं, आणि तसं पोर्ट आता कोणत्याच मशीनला नसतं. माझी फाइल दुसरीकडे उघडली की मराठीची नुसती रांगोळी विस्कटते. त्यातून यंदा आमच्या विहाराची जयंतीची स्मरणिका माझ्याकडे होती. छप्पन्न साली दीक्षेला नागपूरला गेलेल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यात घ्यायच्या होत्या. मी घरोघर जाऊन त्या ऐकल्या, टाइप केल्या, पानं लावली. आता ती माणसं राहिली होती थोडी. त्यातल्या एक आजी मला रस्त्यात दिसल्या की हात धरून विचारायच्या, "बाई, छापून यायच्या आत मी जाणार नाही ना?" मी म्हणायचे, "आजी, जयंतीला तुमच्या हातात देते." आणि पानं छापखान्यात जायच्या आठवड्यातच माझं मशीन आधी अडखळायला लागलं, मग मधेच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं, आणि एका सकाळी सुरूच झालं नाही.

मामा आले, उभे राहिले, हात पाठीशी गेले. माझ्या केसातला आकडा काढायला लावून त्यांनी मला त्यानं वीजपुरवठ्याच्या पेटीच्या दोन वायरी जोडायला लावल्या. पेटीचा पंखा फिरला, म्हणजे धनकवडी निर्दोष. येरवड्याची रॅम निर्दोष. मग म्हणाले, "बोर्डावर टॉर्च मार." बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांपैकी, म्हणजे कपॅसिटरपैकी, दोनांची डोकी फुगली होती. त्यांनी त्याही माझ्याच हातून बदलून घेतल्या. सोल्डरिंग करताना मी बोट भाजून घेतलं, घरभर धूर झाला, तरी बोर्ड ढिम्म. आणि त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "आता यातून आपण काय शिकलो?" तेव्हा मात्र माझा तोल गेला. लग्न झाल्यापासून जे केलं नव्हतं ते केलं. "अहो मामा, पुरे झालं! मला नाही शिकायचं काही! मला स्मरणिका द्यायचीय. त्या आजींना मी काय तोंड दाखवू?" आमचे हे स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. मामांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

मी कपाळाला हात लावून बसले. थोड्या वेळानं पुन्हा सायकलची घंटा वाजली. मामांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला एक मदरबोर्ड होता. "बसव," म्हणाले. मी विचारलं, "हा कुठला?" "मार्केट यार्डाचा." "म्हणजे तुमचा?" "तपासणीपुरता," मामा म्हणाले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले. मला तेव्हा स्मरणिकेशिवाय काही दिसत नव्हतं. मी बोर्ड बसवला, मशीन सुरू झालं, पानं छापखान्यात गेली. जयंतीच्या सकाळी आजींनी ती स्मरणिका हातात घेतली, स्वतःच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हे बघ, मी."

पुढच्या रविवारी मामांना त्यांची प्रत द्यायला गेले. दार उघडंच होतं. टेबलावर मॉनिटर पंचानं झाकलेला, शेजारी कॉम्प्युटरचा उघडा, रिकामा डबा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून बसले होते, चष्मा कपाळावर, डोळे बारीक केलेले. त्यांची मुलगी कॅनडात असते. मामी गेल्यापासून दर रविवारी मामा असे शर्ट घालून मोठ्या पडद्यासमोर बसतात आणि नातीशी बोलतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. फोन संपल्यावर मी म्हटलं, "मामा, सांगायचं नाही का?" तर म्हणतात, "फोनवर दिसते की. लहान दिसते, एवढंच." मला इतका राग आला, त्यांचाही आणि माझाही, की चहासुद्धा न घेता मी घरी आले.

घरी येऊन जुन्या कामांच्या ज्या प्रती काढता येतील त्या काढून घेतल्या. मग बोर्ड काढला, त्याच टॉवेलात गुंडाळला आणि मामांकडे नेऊन त्यांच्या डब्यात बसवला. माझं मशीन त्या दिवशी कायमचं संपलं. मामा अर्थातच मागे उभे होते. "पुढच्या दिव्याची वायर उलटी लावलीस." मी सुलटी लावली. एकच छोटा बीप आला आणि पडदा उजळला. त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. पलीकडे नातीचा तो झोपायचा वेळ, पण ती पडद्यावर आली, पडदाभर आली, आणि ओरडली, "आजोबा, आता नाक नाही दिसत नुसतं, सगळे दिसताय!" मामा पडद्यावरची धूळ पंचानं पुसत राहिले, नसलेलीसुद्धा.

मी निघताना त्यांनी विचारलं, "आता तुझं काय?"

"नवा घेतेय. अक्षरं नव्यानं शिकेन."

"वॉरंटीवाला?"

"हो."

"म्हणजे बिघडला तर कंपनीचा माणूस येणार."

"हो, मामा."

त्यांनी जरा विचार केला. आवाजात नेहमीचा तिरकसपणा अजिबात नव्हता. "मग मी कशाला येऊ?"

"जेवायला या."

"जेवायला?" मामा म्हणाले. "नुसतं?"

आले. ठरल्या दिवशी खांद्याला हत्यारांची पिशवी लावूनच आले. नव्या मशीनवर उघडू नये म्हणून चिकटवलेली कंपनीची पट्टी त्यांनी वाकून वाचली आणि कोणाच्या घरी पहिल्यांदाच आल्यासारखे खुर्चीच्या काठावर बसले. काही विचारलं नाही, कोणाला 'आपण' म्हटलं नाही. पानात वाढलेलं निमूट जेवत होते. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी जीव टाकत होते ती ही, आणि ती मला सहन होईना. मी उठून चटणीसाठी मिक्सर लावला. मामांचा हात ताटात थांबला, मान कलती झाली. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "याचा आवाज आधीपासूनच असा आहे?"

आमचे हे म्हणणार होते, की मामा, तो मागच्या महिन्यातच घेतलाय. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तसे ते गप्प बसले.

"नाही हो, मामा," मी म्हटलं, "परवापासूनच यायला लागलाय." आणि स्क्रूड्रायव्हर आणायला गेले.